खळ वाळेपर्यंतचे वाचन

हाताचा छंद आणि वाचन यांचे आपसात फारसे पटत नाही, असे माझे जुने मत आहे. दोघांनाही डोळे लागतात, दोघांनाही दिव्याखालची तीच खुर्ची लागते, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला रात्रीची जेवणे आटोपल्यावर जो तास-दीड तास येतो, तो दोघांत वाटून देण्याइतका मोठा नसतो. मी क्रोशाचे विणकाम केले, वारली चित्रे रंगवली, काही काळ भरतकामाची रिंगही हातात घेतली. पण विणकाम रंगले की उशाशी ठेवलेले पुस्तक तसेच राहायचे आणि पुस्तकाने पकड घेतली की रुमालावरची वेल अर्ध्यावर थांबायची. ऐकायची पुस्तके आली तेव्हा माझ्या विणणाऱ्या मैत्रिणींचा प्रश्न सुटला, माझा मात्र सुटला नाही, कारण एखादे वाक्य आवडले की मला मागे जाऊन ते पुन्हा डोळ्यांनी वाचावेसे वाटते.

या भांडणात तडजोड घडवून आणली ती पुस्तकबांधणीने. जुनी, खिळखिळी झालेली पुस्तके उसवून, फाटलेली पाने सांधून, पुन्हा शिवून त्यांना नवा पुठ्ठा चढवणे हा माझा फावल्या वेळातला उद्योग आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे सुख, ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण त्यातल्या सक्तीच्या थांबण्यात आहे. खळ, म्हणजे शिजवून केलेली चिकट पेज, लावली, वजन ठेवले, की त्या रात्री पुस्तकाला पुन्हा हात लावायचा नाही. घाई केली तर पुठ्ठा वाकतो, त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या अस्तराच्या कागदाला सुरकुत्या पडतात आणि सगळे काम पुन्हा करावे लागते. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे हात चालवायचे आणि उरलेला वेळ, दुसरे काही करण्यासारखे नसल्यामुळे, निमूटपणे वाचत बसायचे. इतर कोणत्याही छंदाने मला वाचायला इतका हक्काचा वेळ दिलेला नाही.

बांधणीची मूळ अक्षरे मी गिरगावातल्या एका वयस्क बाइंडरकाकांकडे शनिवार दुपारी बसून गिरवली. त्यांचा सगळा जन्म वाचनालयांच्या मासिकांचे वार्षिक खंड आणि कचेऱ्यांची रजिस्टरे बांधण्यात गेलेला होता. ‘छंद म्हणून’ कोणी हे शिकायला येते याचे त्यांना हसू येई, पण शिकवताना त्यांनी हात आखडला नाही. त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती म्हणजे फर्मा. आपण वाचक पुस्तकाचा विचार पानांच्या हिशेबात करतो, बाइंडर तो फर्म्यांच्या हिशेबात करतो. छापलेला मोठा कागद तीन वेळा दुमडला की त्याची आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे होतात, आणि अशी सोळा पृष्ठांची घडी हा पुष्कळशा पुस्तकांचा नेहमीचा फर्मा असतो. हे फर्मे एकावर एक रचून, प्रत्येकाच्या मधल्या घडीतून दोरा ओवून, ते एकमेकांना बांधले की पुस्तक उभे राहते. शिवलेले पुस्तक ओळखायचे असेल तर ते वरच्या बाजूने पाठीजवळ पाहावे. तिथे फर्म्यांच्या छोट्या छोट्या कमानी ओळीने दिसतात. आताच्या बहुतेक स्वस्त पुस्तकांत या कमानी दिसत नाहीत, कारण फर्म्यांची पाठ यंत्रावर कापून सुटी झालेली पाने गरम गोंदाने कव्हराला चिकटवलेली असतात. असे पुस्तक मधोमध सपाट उघडायला गेले की पाठ तडकते आणि पाने हातात येतात. पुस्तकांच्या किमतीबद्दल आपण तक्रार करतो, पण चांगल्या लेखकाचे चांगले पुस्तक दोन वाचनांत सुटे व्हावे, याबद्दल वाचकांनी प्रकाशकांकडे जितकी तक्रार करायला हवी तितकी आपण करत नाही.

दुरुस्तीसाठी पुस्तके शोधायला मुंबईत लांब जावे लागत नाही. हुतात्मा चौकाच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या फाउंटनच्या, फुटपाथवर आता पूर्वीची रांग राहिलेली नाही, तरी तिथे आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ जुनी पुस्तके अजून मिळतात. मराठी पुस्तकांसाठी मात्र माझा भरवसा रद्दीच्या दुकानावर आहे. कोणाचे घर पुनर्विकासात गेले, कोणाचे आजोबा वारले, कोणी ठाण्यापलीकडे छोट्या जागेत राहायला गेले, की कपाटभर पुस्तके किलोच्या भावाने तिथे येऊन पडतात. पहिल्या कोऱ्या पानावर ‘चि. सौ. कां.ला विवाहानिमित्त सप्रेम भेट’ असे निळ्या शाईत लिहिलेले असते, खाली तारीख असते, आणि पुढच्या कित्येक पानांच्या कडा उघडलेल्याच नसतात. ते पान मी कधीही काढून टाकत नाही. अस्तर बदलले तरी भेटीचे पान आत राहते.

पुस्तक उसवण्याचे काम मला शिवण्याहून जास्त आवडते. जुन्या पुस्तकांच्या पाठीला सरस नावाचा जुन्या पद्धतीचा गोंद लावलेला असतो, तो वाळून काचेसारखा कडक झालेला असतो. तो सुरीने खरवडला तर कागदाची सालटी निघतात, म्हणून पाठीवर ओलसर खळीचा जाड थर द्यायचा आणि थांबायचे. पंधरा-वीस मिनिटांत सरस फुगून मऊ होतो, मग बोथट सुरीने तो लोण्यासारखा निघतो. तो ओला, किंचित कुबट वास ज्याला सोसवत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. त्यानंतर प्रत्येक फर्म्याच्या मधला दोरा कापून फर्मे वेगळे करायचे. जुन्या छापखान्यांची एक सोय इथे उपयोगी पडते: फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, कोपऱ्यात, बारीक अंक छापलेला असतो. तो वाचकासाठी नसून बाइंडरसाठी असतो, फर्मे उलटसुलट लागू नयेत म्हणून. वर्षानुवर्षे पुस्तके वाचून मी तो अंक कधी पाहिला नव्हता, आणि आता कोणतेही जुने पुस्तक उघडले की नजर आधी तिथे जाते.

फर्मे वेगळे झाले की माझ्या वाचनाला एक निराळीच सोय होते. उसवलेल्या कादंबरीतला एक फर्मा प्लास्टिकच्या पातळ फोल्डरमध्ये घालून मी ऑफिसला नेते. गोरेगावहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळाले तर चर्चगेट येईपर्यंत सोळा पृष्ठे सावकाश वाचून होतात. जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी सांभाळावे लागत नाही, आणि अंधेरीला गर्दी वाढून चौथ्या सीटवर अर्धे टेकून बसावे लागले तरी सोळा पृष्ठांची घडी एका हातात मावते. या वाचनाला एक कडक मर्यादाही आहे: गोष्ट ऐन रंगात आली तरी पुढचा फर्मा घरी असतो. प्रकरण कुठे संपावे हे लेखक ठरवतो, फर्मा कुठे संपावा हे कागदाच्या आकारावर ठरते, आणि तो अनेकदा वाक्याच्या मध्यात संपतो. क्रियापद दुसऱ्या दिवशी सकाळी भेटते. एरवी मी अधाशासारखी वाचते. या पद्धतीने वाचलेल्या कादंबऱ्या मात्र माझ्या मनात जास्त टिकून आहेत, कारण तुटलेल्या वाक्याचे पुढे काय होणार याचा विचार परतीच्या गर्दीत आपोआप चालू राहतो. शेजारी बसणाऱ्या एका ताईंनी एकदा विचारले, “तुम्ही प्रुफं तपासता का हो?” मी हो म्हणून टाकले. खरे उत्तर विलेपार्ले ते दादरच्या दरम्यान संपले नसते.

आता खळीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण या छंदातला माझा सर्वांत मोठा आनंद तिथेच आहे. बाजारातला पांढरा गोंद सोपा असतो, लवकर वाळतो, नव्या वह्या बांधायला तो मी वापरतेही. पण तो एकदा नीट वाळला की पाण्याने पुन्हा सुटत नाही. जुन्या पानांच्या दुरुस्तीचा नियम असा आहे की आपण जे काही करू ते पुढच्या माणसाला पुस्तक न दुखावता काढता आले पाहिजे. (पारदर्शक चिकटपट्टी या नियमाची शत्रू आहे, काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो आणि प्लास्टिक गळून पडल्यावरही तपकिरी डाग मागे राहतो.) म्हणून ग्रंथसंवर्धनाचे काम करणारे लोक गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, जिच्यातले ग्लुटेन काढून टाकलेले असते. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा असे स्टार्च कुठे मिळते याची चौकशी सुरू केली, आणि मग लक्षात आले की ते आमच्या घरी दर उन्हाळ्यात निघते. कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक म्हणजे दुसरे काय असते? गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग वाटून, पिळून, फडक्यातून गाळून ते पांढरे पाणी रात्रभर निवळू द्यायचे. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाशी घट्ट पांढरा चीक बसलेला असतो आणि ग्लुटेन चोथ्याबरोबर बाहेर गेलेले असते. संवर्धकांची सामग्री आणि माझ्या आईची वाळवणे एकाच पातेल्यातून निघतात. आई कुरडयांच्या चिकात मीठ आणि हिंग घालते, मी माझा वाटीभर चीक त्याआधी बाजूला काढून घेते आणि उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवते.

खळ शिजवताना एक भाग चिकाला पाच-सहा भाग पाणी घ्यावे आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. आधी ते दुधासारखे पातळ असते, मग एकाएकी कडेने दाटू लागते, आणि पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की झाले. गार झाल्यावर ती बारीक गाळणीतून दोनदा घासून काढावी, म्हणजे गुठळी राहत नाही. फाटलेल्या पानाच्या कडांना ती बोटाने नव्हे, ब्रशने लावायची, इतकी कमी की कागद ओला व्हायच्या आत ती पसरली पाहिजे. वर जपानी टिश्यू कागदाची बोटभर लांब पट्टी ठेवायची. ही पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडून घेतात, कारण फाडल्यावर कडेला जे लांब तंतू सुटतात तेच जुन्या कागदाला धरून ठेवतात. पट्टी नीट बसली की तिच्याखालची अक्षरेही वाचता येतात. बाइंडरकाका खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत, कसर आणि झुरळे लागू नयेत म्हणून. मी ते घालत नाही. ते विषारी असते हे एक कारण, आणि तांबे कागदाच्या झिजण्याला हातभार लावते हे दुसरे. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी कपाटातले तीस वर्षांपूर्वी बांधलेले एक रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवले, त्याला कसर लागलेली नव्हती. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.

दाबण्यासाठी त्यांच्याकडे लोखंडी शिकंजा होता. माझ्याकडे जेवायला बसायचे दोन शिसवी पाट आहेत, त्यांच्यामध्ये पुस्तक जाते, आणि वर जातो मिक्सर आल्यापासून निवृत्त झालेला दगडी पाटा. दोन खोल्यांच्या घरात छंद मावायचा असेल तर त्याने घरातल्याच वस्तूंकडून काम करून घेतले पाहिजे, असे मला वाटते. दाभण, मेण लावलेला सुती दोरा, मोजपट्टी, कटर, एक हाडाची किंवा नसेल तर सपाट लाकडी घडीपट्टी, इतके सामान बुटांच्या खोक्यात बसते. पुठ्ठा, कॅलिको कापड, अस्तराचे कागद यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला एक फेरी करावी. जाताना यादी आणि मर्यादित पैसे न्यावेत, कारण त्या गल्लीत कागद पाहून माणसाचा तोल जातो. कागद घेताना त्याच्या तंतूंची दिशा तेवढी पाहावी. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघितला तर एका दिशेने तो सहज वाकतो, दुसरीने विरोध करतो. सहज वाकणारी घडी पुस्तकाच्या पाठीला समांतर आली पाहिजे, नाहीतर ओल लागल्यावर पुठ्ठा होडीसारखा वर येतो.

मराठी घरातला बांधणीचा खरा विषय म्हणजे दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईतून ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक 1909 मध्ये काढला, तेव्हापासून आपल्याकडे ही साठवण चालू आहे; माळ्यावर गठ्ठा असतो, टाकवत नाही आणि वाचायला काढावा तर पाने सुटतात. कित्येक जुने अंक बाजूने पिना मारून बांधलेले असतात. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत त्या पिना गंजतात आणि प्रत्येक पिनेभोवतीचा कागद तपकिरी होऊन तुटतो. पिना एकेक करून काढणे, सुट्या पानांच्या कडांना पातळ कागदाची पट्टी लावून जोड्या करणे आणि मग त्या जोड्यांचे फर्मे करून शिवणे, असे हे किचकट काम आहे. त्यातही ‘आवाज’चे जुने अंक माझी परीक्षा पाहतात. त्यातल्या खिडकीचित्रांची सगळी गंमत अशी की वरच्या पानाला कापलेल्या खिडकीतून खालच्या चित्राचा नेमका तेवढाच चावट भाग दिसतो, आणि पान उलटले की तो भाग एखाद्या निरुपद्रवी वस्तूचा निघतो. पान शिवताना दोन मिलिमीटर सरकले की खिडकीतून चावट असे काहीच दिसत नाही, दुधीभोपळा आधीच उघडा पडतो. हे अंक मी खिडकी प्रमाण मानून शिवते; कडा मागेपुढे झाल्या तरी चालतात.

सगळेच शिवायचे नसते, हेही याच छंदाने शिकवले. शेजारच्या काकू त्यांच्या सासूबाईंची पोथी घेऊन आल्या. लांबट आकाराची सुटी पाने, काही पानांच्या कडा बोटांच्या तेलाने काळवंडलेल्या, वर विटका लाल रुमाल.

“अगं, हिला एकदाची शिवून टाक. पंख्याच्या वाऱ्याने पानं उडतात, पारायणात खोळंबा होतो,” काकू म्हणाल्या.

“काकू, पोथी शिवली तर ती उघडी राहणार नाही, दोन्ही हातांनी धरून बसावं लागेल. मग माळ कशी ओढाल?”

पोथीची रचना मुळात वाचणाऱ्याचे हात मोकळे ठेवण्यासाठी आहे. वाचलेले पान उचलून पालथे पलीकडे ठेवायचे, चौरंगावर पाने सपाट राहतात, पाठ नावाचा अवयवच नसल्यामुळे तडकायला काही नसते. छपाई आल्यावरही निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांनी पोथ्या सुट्या पानांच्याच काढल्या, त्याला हे व्यवहारी कारण असणार. मी फाटलेल्या कडा सांधल्या, पोथीच्या मापाच्या दोन पुठ्ठ्यांना कापड चढवून वर-खाली ठेवायला दिले आणि नवा सुती रुमाल शिवला. काकूंनी आता पंख्याऐवजी पारायणाची जागा बदलली आहे.

“विकत करून देतेस का?” हा प्रश्न मला पोथीनंतर सोसायटीत वरचेवर येऊ लागला. प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यामागे अशी एक समजूत असते की हाताला येणारी गोष्ट बाजारात गेल्याशिवाय तिची किंमत ठरत नाही. पोटासाठी बांधणी करणारे कारागीर या शहरात आहेत, त्यांच्या हाताचा वेग आणि सफाई माझ्यात नाही, आणि त्यांनी मजुरी घेऊनच काम करावे. माझ्याकडचे पुस्तक मात्र तीन महिने दोन पाटांमध्ये राहू शकते, कारण मधल्या काळात मी ते वाचत असते. वर्षाला इतकी पुस्तके वाचायचीच असे आकडे लावून वाचणाऱ्यांबद्दलही मला असेच काहीसे वाटते. त्यांच्या चिकाटीला नमस्कार आहे, पण मला तो शर्यतीचा प्रकार मानवत नाही.

पावसाळ्यात मी बांधणी बंद ठेवते. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या हवेत इतकी ओल असते की खळ वाळायला दोन-दोन दिवस घेते, तेवढ्यात तिला बुरशीचा वास येतो, आणि पुठ्ठा कितीही वजनाखाली ठेवला तरी बाहेर काढल्यावर वाकतो. हे दिवस फक्त वाचायचे. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची पुस्तके या काळात जास्त येतात. 1898 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतली जुनी वार्षिक बांधणी पाहायला मिळणे हा वाचनाखेरीजचा फायदा. कपाटातल्या पुस्तकांना आठवड्यातून एकदा पंख्याखाली उघडून ठेवावे, ती भिंतीला टेकवून ठेवू नयेत आणि कपाट कोंबून भरू नये, इतके केले तरी बुरशी पुष्कळ आटोक्यात राहते.

ज्यांना ही बांधणी करून पाहायची असेल त्यांनी नवरात्रानंतर, हवा कोरडी झाल्यावर सुरुवात करावी आणि पहिल्याच दिवशी आजोबांच्या पुस्तकाला हात घालू नये. कोऱ्या कागदांचे पाच-सहा फर्मे दुमडून एक वही शिवावी. मधल्या घडीत पाच भोके, दोन्ही टोकांच्या भोकांपाशी सुई खालच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून गाठ, बाकी साधी धावदोऱ्याची शिवण. पहिली वही थोडी तिरकी होते आणि हिशेब लिहायला उत्तम चालते. माझ्याकडे यंदाच्या कोरड्या दिवसांसाठी ‘किशोर’चे शाळेतल्या वर्षांचे अंक काढून ठेवले आहेत. बालभारतीने 1971 पासून चालवलेल्या या मासिकाचे जुने अंक आता संगणकावरही वाचता येतात, त्यामुळे ते बांधायलाच हवेत अशी निकड नाही. पण माझ्या अंकांतली शब्दकोडी माझ्या भावाने पेनने आणि चुकीची सोडवलेली आहेत, तेव्हा प्रत त्याचीच हवी. कापड तांबडे घ्यावे की बाटली हिरवे, यावर त्याचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.